गाणं आता माडीवर तयार होतंय, पण पोराचं नाव कुठाय?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात एखादं पोरगं हेडफोन घालून रात्री दोन वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर बसतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या गावात मंडळांची, जयंतीची, नेत्यांच्या वाढदिवसाची आणि प्रचाराची गाणी वाजतात. ती कुठं तयार होतात, याची मी मध्यंतरी सहज चौकशी केली. मला वाटलं, पुण्या-मुंबईला जात असतील. तर तसं नाही. बरीचशी इथंच झालेली. कुणाच्या माडीवर, कुणाच्या दुकानामागच्या खोलीत. भिंतीला जुन्या गोधड्या लावलेल्या, एक सेकंडहँड लॅपटॉप, एक हेडफोन. झाला स्टुडिओ.

मला स्वतःला याची गरज पडली ती आमच्या व्हिडिओ बातमीपत्रासाठी. सुरुवातीला १२ सेकंदांची धून पाहिजे होती. जिल्ह्याच्या ठिकाणी विचारलं तर आठ हजार सांगितले. त्यांचा दर चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण आमच्यासारख्या छोट्या साप्ताहिकाला एका धुनीसाठी आठ हजार जड जातात. मग बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा आपल्याच गावातला एक पोरगा आला. दिवसा मोबाइल दुरुस्त करतो. लॅपटॉप उघडला आणि 'सर्ज एक्सटी' नावाचा सिंथेसायझर चालू केला. मी पहिल्यांदा पत्रकाराचा प्रश्न विचारला, "क्रॅक आहे का रे?" तो म्हणाला, "नाही दादा, खरंच फुकट आहे."

आता सिंथेसायझर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लग्नात दिसतो त्या कीबोर्डमध्ये बासरी, व्हायोलिन असे आवाज तयार भरलेले असतात. सिंथेसायझरमध्ये आवाज आपण घडवायचा. पूर्वी त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यावं लागायचं, आता तेच काम सॉफ्टवेअर करतं. स्क्रीनवर शंभर बटणं बघून घाबरायला होतं, पण खरी कामं चारच आहेत.

पहिलं, ऑसिलेटर. हा कच्चा आवाज देतो. त्यातली करवतीच्या दात्यांसारखी लहर ऐकायला कर्कश असते, डब्यात भुंगा अडकल्यासारखी. दुसरं, फिल्टर. शेजारच्या गल्लीत डीजे लागलाय आणि तुम्ही खिडकी लावून घेतली, तर शब्द आणि झांज गायब होतात, नुसतं धुम धुम उरतं. खिडकीनं फिल्टरचंच काम केलेलं असतं. तिसरं, एनव्हलप. आवाज कसा उठायचा आणि कसा विरायचा, ते हा ठरवतो. हलगीची थाप चटकन उठते आणि लगेच संपते, पेटीचा सूर मात्र भाता चालतोय तोवर टिकतो. चौथं, एलएफओ. हा आवाज हळूहळू हलवत राहतो, गळ्यातल्या कंपासारखा. एवढं कळलं की बाकीचं हाताला सवयीनं येतं. मला पेटी बऱ्यापैकी येते, कॉम्प्युटरचं ज्ञान बातमी टाइप करण्यापुरतं. तरी चार संध्याकाळी बसल्यावर मला स्वतःला एक बरा खर्ज घडवता आला.

आमची धून अशीच झाली. करवती लहर घेतली, फिल्टर खाली आणला, त्याचा घुमणारा खर्ज तयार झाला. त्यावर हलगी. ती मात्र कॉम्प्युटरमधली नाही. वाजवणाऱ्या काकांना बोलावलं आणि अंगणात मोबाइलवर रेकॉर्ड केली. काकांना दीड हजार, पोराला दोन हजार. हिशेब उघड सांगतोय, कारण पुढचा मुद्दा पैशाचाच आहे.

खर्चाचं बोलू. सर्ज एक्सटी पूर्ण मोफत आहे. क्लेस योहान्सन या प्रोग्रामरनं हा सिंथेसायझर मुळात विकण्यासाठी बनवला होता. २०१८ मध्ये त्यानं सगळा कोड खुला केला आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो सांभाळतायत. २०२० मध्ये आलेल्या 'व्हायटल'ची मोफत आवृत्ती आहे. त्यात इंजिन तेच, तयार आवाज तेवढे कमी. आवाजांचे थर एकावर एक रचायला 'रीपर' घ्या. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर छोट्या वापरासाठी ६० डॉलरचं लायसन्स, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. वाजवायला छोटा २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड चार-सहा हजारांत येतो. तोही नसला तर सुरुवातीला लॅपटॉपच्याच बटणांवर भागतं.

एक व्यवहारी अडचण सगळ्यांना येते. पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो. पोरं म्हणतात लॅपटॉप मेला. लॅपटॉप धडधाकट असतो. विंडोजवर 'असिओ फॉर ऑल' हा मोफत ड्रायव्हर टाका आणि बफर १०२४ वरून २५६ वर आणा. त्या एका टप्प्यावरचा उशीर २३ मिलिसेकंदांवरून सहावर येतो. हाताला लगेच फरक कळतो.

म्हणून पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या क्रॅकच्या नादाला लागू नका. त्यातून व्हायरस येतात, हे एक. आणि आपण दुसऱ्याचं फुकट उचललं, तर उद्या आपलं कुणी उचललं तेव्हा कोणत्या तोंडानं बोलणार?

पेटी-तबल्याची जुनी मंडळी म्हणतील, मशीनचा सूर तो मशीनचाच. मान्य. पण पेटीवरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. पेटीच्या ठरलेल्या बारा सुरांत आपल्या श्रुती बसत नाहीत, म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी शंभर वर्षांपूर्वी केवढी खटपट केली. २२ श्रुतींवरचं त्यांचं पुस्तक १९१० चं आहे. सर्ज एक्सटीमध्ये स्वतःची सुरावट भरता येते. गंधार किती उतरवायचा, ते तुम्ही ठरवा.

दुसरा आक्षेप मात्र जास्त खरा आहे. दहा जणांची बँजो पार्टी जाऊन एक लॅपटॉप आला, तर नऊ जणांनी काय करायचं? याचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडं नाही. जिवंत वाद्य जिवंत माणसाकडूनच वाजवून घ्यावं आणि त्याचे पैसे द्यावेत, एवढं मी माझ्यापुरतं पाळलं. गाणं करून घेणाऱ्यांनीही ते पाळावं.

आता नावाचं. १९८२ मधली मुंबईतली गोष्ट आहे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीचे तीन यंत्रं जमवली, जुपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, आणि त्यांवर दहा राग वाजवले. अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये तो परदेशात पुन्हा निघाला आणि जाणकार चक्रावले. अमेरिकेत पुढं ज्या धाटणीला 'अॅसिड हाउस' म्हणाले, तसाच आवाज या माणसानं आधीच काढून ठेवला होता. सत्तरीत त्यांना परदेशातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. २८ वर्षांनी जग त्यांच्यापर्यंत पोचू शकलं, कारण रेकॉर्डवर त्यांचं नाव छापलेलं होतं.

आपल्या पोरांचं काय? माझी धून करणाऱ्या पोराचं जयंतीचं एक गाणं भरपूर चाललं. मग ते एका मोठ्या चॅनेलवर दिसलं. खाली गायकाचं नाव, निर्मात्याचं नाव, शुभेच्छुकांचे फोटो. चाल लावणाऱ्याचं नाव नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "पैसे दिलेत ना तुला?" किती? पंचवीसशे. कागद? एकही नाही.

कायदा काय म्हणतो, ते मी नीट वाचून सांगतोय. कॉपीराइट कायदा १९५७ चा. चाल तयार झाली की हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला सोडून देता येत नाही, सही करून दिली तरी. नोकरीत असताना केलेल्या कामाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवा. पण निदान व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या: चाल कुणाची, पैसे किती, नाव कुठं येणार. प्रोजेक्टची मूळ फाइल जपून ठेवा. भांडण झालंच तर तीच तुमच्या बाजूनं बोलेल.

नगरपालिकेकडं माझी मागणी साधी आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे, चांगली गोष्ट आहे. तिथंच एका कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, दोन हेडफोन आणि एक मिडी कीबोर्ड ठेवा. चौकातल्या एका स्वागत कमानीच्या खर्चात हे होतं. आवाजाची काळजी करू नका, सगळं हेडफोनमध्येच असतं. बाहेरच्या डीजेपेक्षा परवडलं. ज्या पोरीला घरात वेगळी खोली नाही आणि स्टुडिओत एकटीला पाठवत नाहीत, ती वाचनालयात नक्की येईल.

आणि मंडळांच्या अध्यक्षांना विनंती. या वर्षी गाणं करून घ्याल तेव्हा शुभेच्छुकांच्या फोटोंत एक ओळ जागा करा: संगीत, अमुक तमुक. आमच्या बातमीपत्राखाली आजपासून पोराचं आणि हलगीवाल्या काकांचं, दोघांचंही नाव येतंय.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या ऑफिसात तो पोरगा हे सगळं दाखवणार आहे. फी नाही. लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तरी या. खुर्च्या बाराच आहेत, म्हणून कमेंटमध्ये नाव टाका.