एफची रेघ

२१ नोव्हेंबर २०२५
पेपरात बातमी. सिकलसेलवर देशी क्रिस्पर उपचार, म्हणजे जीन कापून दुरुस्ती, नाव बिरसा १०१. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेनं केलाय, पुढचं काम पुण्याच्या सीरमकडे. नाव चांगलं ठेवलं. रुग्णाच्या हाती पडायला वेळ आहे.

२४ नोव्हेंबर
आश्रमशाळेतून सिकल तपासणीचे नमुने. दोन नळ्या गढूळ, म्हणजे सिकल आहे. मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात.

२८ नोव्हेंबर
गारठा पडला. आर्वीकडची पोरगी पुन्हा भरती. बाप कापसाची वेचणी टाकून आलेला. "मॅडम, रातभर हातपाय चोळले, पोट्टी निजलीच नाही." हिमोग्लोबिन ६.४. आपल्या लाल पेशी १२० दिवस टिकतात, तिच्या जेमतेम दहा-वीस.

२ डिसेंबर
तिची जुनी इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टी काढली. एसचा, म्हणजे सिकल हिमोग्लोबिनचा, जाड पट्टा. ए, म्हणजे नेहमीचं, नाहीच. एसच्या थोडी पुढे एफची फिकट रेघ, उजेडाकडे धरली तर दिसते. एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. ते एसच्या साखळ्या जुळू देत नाही. जन्मानंतर बीसीएल११ए हा जीन ते दाबून टाकतो.
मग क्रिस्परनं तो जीनच का काढत नाहीत? बी पेशींना लागतो, मेंदूला लागतो. म्हणून अख्खा जीन मोडत नाहीत. गाटा-१ हे प्रथिन जिथं बसून त्याला लाल पेशीत चालू करतं, तेवढीच जागा कापतात. बाकी अंगात तो चालू. लाल पेशी व्हायच्या वाटेला लागलेल्या पेशीत तेवढा मंद. ज्याला सुचलं त्याला नमस्कार.

३ डिसेंबर
बापानं बातमीचं विचारलं. सांगितलं: तिच्याच मूळपेशी काढायच्या, दुरुस्त करायच्या, मग केमो देऊन मज्जा रिकामी करायची आणि त्या परत सोडायच्या. केमोनं पुढे मूल न होण्याचा धोका. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये असाच एक उपचार मंजूर झाला, कॅसगेव्ही. किंमत २२ लाख डॉलर.
"रुपयात?"
"वीस कोटींच्या आसपास."
तो हसला. मला हसू आलं नाही.

९ डिसेंबर
हायड्रॉक्सियुरिया संपलंय. तेही एफच वाढवतं. रोज कॅप्सूल घ्यायची, अधूनमधून सीबीसी, एवढंच. सिकलसाठी अमेरिकेत १९९८ पासून मान्य. आणि इथं स्टोअरमध्ये नाही.

१४ डिसेंबर
लेकीचा नागपूरहून फोन. बायोटेकचा पेपर. २००० साली ई. कोलायमध्ये एकमेकांना दाबणारे दोन जीन बसवले, एक चालू की दुसरा बंद, हे पाठ करत होती. म्हटलं, तुझं ते जंतूतलं बटण आता मज्जेपर्यंत आलंय. "आई, परीक्षेत हे नाही."

२२ डिसेंबर
कॅप्सूल आल्या. पोरगी घरी गेली.

३ जानेवारी २०२६
तिच्या काकाची सोयरीक जुळतेय. काका वाहक. मुलीकडचे तपासणीला तयार नाहीत. पोरीत खोट काढता का म्हणे. बापाला म्हटलं, काकाचं सिकल तपासणीचं कार्ड आधी पुढे ठेवा, मग बोला.

७ जानेवारी
काकासाठी पाहिलेली मुलगी एकटीच तपासणीला आली, मावशीला सांगून. नळी स्वच्छ. मागची रेघ न् रेघ दिसली.

९ जानेवारी
ग्रामपंचायतीच्या फलकासाठी मजकूर लिहून दिला: सिकलसेलचा वाहक आजारी दिसत नाही. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणाला मूल सिकलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत. सुपारी फोडण्याआधी दोघांनीही यावं.