मंगळवारची दुपार

ह्यूस्टनला डोंगर नाही. उड्डाणपुलाचा चढ हाच काय तो चढ. अशा सपाट मुलखात वाढलेल्या माझ्या लेकीला सायकलीवरून डोंगर चढण्याचं वेड लागलं कुठून, असं ओळखीपाळखीचे विचारतात. मला ते विचारावं लागत नाही. साताऱ्यात शाळेत असताना मी बिनगियरच्या सायकलीवरून यवतेश्वरचा घाट चढायची. निम्मा घाट पेडल मारत, निम्मा सायकल ढकलत. पण वर पोहोचल्यावर कासच्या बाजूनं येणारा तो गार वारा अंगावर घेतला की पायांतलं सगळं विसरायला व्हायचं. बारावीनंतर मुंबईला शिकायला गेले आणि सायकल माळ्यावर चढली, ती पुन्हा खाली आली नाही. डोंगर आधी शनिवार-रविवारवर गेला, मग दिवाळीच्या सुट्टीवर, मग फोटोत.

म्हणून अकरावीतल्या लेकीनं कॉलेजांची यादी करताना सायकल आणि स्कीइंग दोन्ही मांडलं, तेव्हा मी तिला गप्प केलं नाही. तिला भूशास्त्र शिकायचंय, हे पक्कं होतं. बाबांच्या यादीत फी होती, वसतिगृह होतं, जवळचं इस्पितळ होतं. तिच्या यादीत एकच अट होती. "आई, मंगळवारी तीनला लेक्चर संपलं, की डोंगरात जाऊन साडेसहाला मेसमध्ये जेवायला परत यायचं. तेही गाडीशिवाय. जमतं का, ते बघायचं."

मार्चमधल्या सुट्टीत आम्ही दोघीच निघालो. डेन्व्हरला विमानातून उतरून पहिला मुक्काम गोल्डनला. तिथं १८७४ सालचं कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स आहे. भूशास्त्र शिकणाऱ्याला याहून मोठं नाव सांगायला नको. गाव टुमदार, आणि गावाला लागूनच नॉर्थ टेबल माउंटन. तो डोंगर पाहिला आणि मी रस्त्याच्या कडेला थांबलेच. माथा सपाट, माथ्याखाली काळपट कातळाचा तासलेला कडा, त्याखाली उतरतं गवताळ पोट. अजिंक्यताऱ्याचा भाऊ शोभावा! हा कडाही लाव्हाचाच, सहा कोटी वर्षांहून जुना. आपल्या दख्खनचा काळा कातळही साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. लेक मला हे समजावत होती आणि मी कड्याकडे बघत होते. इतक्या लांब येऊन आपल्या घरचं कुणी भेटावं, तसं वाटलं.

सायकलीच्या वाटा तिथं खरोखर दारात आहेत. स्कीइंगचं तसं नाही. लव्हलंडचं स्कीइंगचं मैदान चाळीसएक मैलांवर आहे, पण जायचा महामार्ग एकच, आय-७०. रविवारी दुपारी त्या रस्त्यावर डोंगरातून परतणाऱ्या गाड्यांची जी रांग आम्ही पाहिली, ती संपता संपेना. लेकीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. फीचा आकडा मी मनात आधीच मिटवला होता.

सोमवारी दक्षिणेकडे निघालो. दिवसभराचा रस्ता. दुपारी वुल्फ क्रीकचा घाट लागला, १०,८५७ फूट. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती. हा घाट खंडाच्या जलविभाजकावर आहे. अलीकडचं पाणी रिओ ग्रांदेतून आमच्याच मेक्सिकोच्या आखाताकडे वाहतं, पलीकडचं कोलोरॅडो नदीच्या वाटेनं पश्चिमेला. महाबळेश्वरला कृष्णा एका समुद्राकडे आणि सावित्री दुसऱ्याकडे जाते, तेच इथं एका खंडाच्या मापानं. लेक गाडीतून उतरून दोन्ही बाजूंना एकेक बर्फाचा गोळा टाकून आली.

संध्याकाळी ड्युरँगो. ॲनिमस नदीच्या काठचं गाव, उंची साडेसहा हजार फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजारएक फूट उंचावर इथली मंडई आणि पोस्ट! फोर्ट लुईस कॉलेज गावाच्याही वर, एका सपाट पठारावर. समुद्रसपाटीवरून आलेल्या मला वसतिगृहाचे दोन जिने चढताना कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

मंगळवारी सकाळी कॉलेज पाहिलं. या कॉलेजचा इतिहास साधा नाही. मूळचा फोर्ट लुईस हा लष्करी तळ. पुढे तिथं मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली, जिथं त्यांची भाषा आणि चालीरीती मोडून काढायचं काम चालायचं. १९११ मध्ये ती जागा राज्याच्या हाती आली, ती मूळनिवासी विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेणार नाही या अटीवर. ती अट आजही पाळली जाते. कॉलेज १९५६ मध्ये ड्युरँगोच्या या पठारावर आलं. त्या निवासी शाळेचं गोडगोड चित्र रंगवणारे फलक घड्याळाच्या मनोऱ्यावर होते, ते २०२१ मध्ये कॉलेजनं समारंभपूर्वक उतरवले. आम्हाला कॉलेज दाखवणारी मुलगी मूळनिवासी, नाव्हाहो होती. तिनं हे सगळं मनोऱ्याखाली उभं राहून, काहीही न लपवता सांगितलं. आपली मुलगी जिथं चार वर्षं राहणार, तिथली माणसं आपल्या जागेबद्दल खरं बोलतात, ही गोष्ट माझ्या लेखी कुठल्याही क्रमवारीपेक्षा मोठी आहे.

आणि दुपारी तिची परीक्षा. तीन वाजता भाड्याची सायकल घेऊन ती कॉलेजच्या फाटकातून निघाली. हॉर्स गल्च हे वाटांचं मोठं जाळं कॉलेजच्या पायथ्यालाच सुरू होतं. मी चालत मागोमाग गेले आणि वाटेच्या तोंडाशी एका दगडावर बसले. येणारे-जाणारे पाहत राहिले. पाठीवर दप्तर, हँडलला हेल्मेट अडकवलेली पोरं. एक प्रौढ बाई, तिच्यामागे धापा टाकणारा कुत्रा. कुणाला घाई नाही आणि कुणी प्रेक्षणीय स्थळी आल्यासारखंही नाही. आपल्याकडे संध्याकाळी माणसं नदीवर जातात, तशी ही माणसं डोंगरात जात होती.

या गावाला सायकल अशीच चिकटलेली नाही. १८८२ मध्ये इथून सिल्व्हर्टनच्या खाणींकडे अरुंद रुळांची रेल्वे गेली. तीन फुटी रूळ, आपल्या माथेरानपेक्षा फूटभर रुंद. १९७२ पासून दर मे महिन्यात सायकलस्वार त्या गाडीशी शर्यत लावतात. सुरुवात झाली ती गाडीवर काम करणारा एक भाऊ आणि सायकलवेडा दुसरा भाऊ यांच्या पैजेतून. वाटेत दहा हजार फुटांवरचे दोन घाट! १९९० मध्ये माउंटन बाइकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा याच गावानं भरवली, आणि पुरुषांची क्रॉस-कंट्री जिंकली ती इथंच राहणाऱ्या नेड ओव्हरेंडनं. २०२३ मध्ये स्पेनची तीन आठवड्यांची वुएल्ता ही सायकल शर्यत जिंकणारा सेप कुस इथल्याच मातीतला.

सव्वाचारलाच लेक परत आली. मला वाटलं, पडली की काय. "नाही गं, वरच्या सावलीत बर्फ वितळलाय, राडा आहे. चाकाची खूण उमटायला लागली की परत फिरायचं, असं एका दादानं सांगितलं." ओल्या मातीत उमटलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते, पुढं पाणी तिच्यातूनच वाहतं आणि वाट खचते. म्हणून कोरड्या बाजूनंच तिनं फेरी मारली होती.

सायकल टेकवताना पुढच्या चाकातून फुस्स आवाज आला. वाकून पाहिलं तर टायरमध्ये रुतलेला काटा, शिंगं फुटलेला, मातकट. मी तो नखानं उपसला आणि तिथल्या तिथे ओळखला. सराटा! आमच्या मळ्याच्या बांधावर अनवाणी पायात घुसायचा तोच. जुन्या जगातून इकडे येऊन रुजलेलं तण, इथले लोक त्याला बोकडाचं डोकं म्हणतात, दोन शिंगांमुळे. भोकातून पांढरा चीक बुडबुडत वर आला, लेकीनं चाक गरगर फिरवलं, आणि दहा-बारा फेऱ्यांत बुडबुडे थांबले. या टायरांत ट्यूब नसते, आत ओतलेला चीकच भोक बुजवतो. तिनं काटा माझ्या हातातून घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

पावणेपाचला आम्ही मेसमध्ये होतो.

स्कीइंगचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पर्गेटरीचं मैदान पंचवीस-सत्तावीस मैल उत्तरेला आहे. लेक्चर संपवून तिथं पोहोचेपर्यंत वर नेणारे पाळणे बंद व्हायची वेळ होते. मंगळवारी दुपारी ते जमणार नाही. पण कॉलेजच्या पठाराच्या उतारावरच चॅपमन हिल ही गावकीची छोटी टेकडी आहे, दोर धरून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. हिवाळ्यात अंधार पडल्यावर दिवे लावून ती चालते. आम्ही गेलो तेव्हा बर्फ विरून मधूनमधून गवत दिसत होतं. लेक त्या गवतावर बराच वेळ उभी राहिली. बुधवारी सकाळी आम्ही पर्गेटरीला गेलो. ती तीन तास बर्फात होती, मी खाली चहाच्या कपावर हात शेकत. शनिवार-रविवारी मुलं एकमेकांच्या गाडीत जागा धरून येतात, असं तिथं भेटलेल्या दोन विद्यार्थ्यांनी सांगितलं.

गुरुवारी सॉल्ट लेक सिटी. युटा विद्यापीठ फार मोठं, भूशास्त्राच्या प्रयोगशाळा पाहून लेकीचे डोळे चमकले. विद्यापीठाच्या मागच्याच उतारावरून बोनव्हिल शोअरलाइनची वाट जाते. हिमयुगातलं प्रचंड सरोवर जिथं टेकलं होतं, त्या जुन्या काठावरून सायकल चालवायची! भूशास्त्राच्या मुलीला आणखी काय पाहिजे? १९३९ पासून पाळणे चालवणारं आल्टा आणि शेजारचं स्नोबर्ड इथून तासाभराच्या आत. बसनंही जाता येतं. गाडीशिवाय स्कीइंगला जायचं तर हे शहर तिन्हींत सरस, हे मला मान्य करावं लागलं. पण लिटल कॉटनवुडच्या दरीत एकच रस्ता, हिमलोट कोसळायचा धोका असला की तो बंद, आणि बर्फ पडलेल्या सकाळी गाड्यांची रांग. शिवाय थंडीत कित्येकदा गार हवा या खोऱ्यात अडकून बसते, वरून उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर खालीच साचतो. माझ्या लेकीला लहानपणी दमा होता. मी तिला त्याची आठवण करून दिली नाही. तिनंच विचारलं, "आई, इनहेलर परत लागेल का गं?"

शुक्रवारी विमानतळावर बाबांचा फोन आला. इस्पितळ? आहे, गावातच. फी? माइन्सपेक्षा पुष्कळ कमी. मग फोन लेकीनं घेतला. युटालाही अर्ज करणार, प्रयोगशाळांसाठी, असं तिनं सांगितलं. पहिला मात्र ड्युरँगोला.

"स्कीइंगचं काय मग?" बाबांनी विचारलं.

"मंगळवारी दोर, शनिवारी पाळणा," ती म्हणाली, आणि सामान तपासणीच्या ट्रेमध्ये खिसे रिकामे करताना कागदाची ती पुडी तिनं नीट बाजूला ठेवली.