जॅरोची पायपीट

न्यूकॅसलहून मेट्रोने जॅरोला पोचलो, तेव्हा पाऊस भुरभुरत होता. सुपरमार्केटसमोर ब्राँझची माणसं चालताहेत : हातात बॅनर, सोबत कडेवर मूल घेतलेली बाई आणि एक कुत्रा. त्यांच्यासाठीच मी इथे आलो होतो.

हे गाव वाढलं ते पामर कंपनीच्या गोदीवर. ती 1852 मध्ये सुरू झाली. पुढे इथे एका टोकाला खनिज लोखंड उतरायचं आणि दुसऱ्या टोकाने तयार जहाज टाइन नदीत शिरायचं. पहिल्या महायुद्धानंतर मागणी आटली, पाठोपाठ जागतिक मंदी आली. जहाजबांधणी कारखानदारांनी जादा गोद्या बंद पाडायला एक कंपनी काढली होती. तिने पामरची गोदी विकत घेतली. अट अशी, की 40 वर्षं इथे जहाज बांधायचं नाही. दहांतले सात कामगार बेकार झाले. 1935 मध्ये ‘टायटॅनिक’चं भावंड ‘ऑलिम्पिक’ इथे आलं, तेही मोडीत निघायला. जहाजं घडवणाऱ्या हातांना आता ती तोडायचं काम.

5 ऑक्टोबर 1936 रोजी 200 पुरुष सुमारे 450 किलोमीटरवरच्या लंडनला पायी निघाले. ओकच्या पेटीत अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज होता. मागणी एकच : काम द्या. खासदार एलन विल्किन्सन वाटेत त्यांच्याबरोबर चालल्या. याच बाई 1932 मध्ये इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून भारतात येऊन तुरुंगातल्या गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजी तेव्हा येरवड्याला होते.

लेस्टरला सहकारी संस्थेच्या कारागिरांनी रात्रभर जागून त्यांचे बूट दुरुस्त केले. एका गड्याने सँडविचमधला मांसाचा तुकडा काढून पाकिटात घातला, घरी पाठवायला. घरच्यांनी कित्येक आठवड्यांत मांस चाखलं नव्हतं, असं सांगतात.

संसदेने अर्ज ठेवून घेतला, काम मिळालं नाही. माणसं रेल्वेने परतली, तर बेकारी भत्ता कापलेला : इतके दिवस तुम्ही कामासाठी हजर नव्हता! हे वाचलं तेव्हा संताप आला होता. इथे उभं राहून तो पुन्हा दाटून आला.

गावाच्या कडेला सेंट पॉल चर्च आहे. त्याच्या भिंतीत इ.स. 685 चा शिलालेख अजून शाबूत आहे. मी परत ब्राँझच्या माणसांपाशी आलो. एक आजीबाई पिशव्या खाली ठेवून विसावल्या होत्या. शेजारचा छोकरा ओल्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. दगडाइतकीच ही माणसंही या गावाने जपली आहेत.