खाटेच्या पायाची चाकं

१० ऑगस्ट २०२५, रविवार
रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी धरलंय. तान्हा पोळा तेरा दिवसांवर आला. नातू तीन वर्षांचा झाला, यंदा त्याचा पहिला लाकडी बैल. सूनबाई म्हणे, "आबा, बाजारातून आणू ना." लाखनीच्या बाजारात पाहून आलो. देखणा आहे, रंग चकचकीत. पण चाकं पाटीला खिळ्यानं घट्ट ठोकलेली. ओढला की नुसता घसरतो. हा फळीवर ठेवायचा बैल. येताना जांभळीची फांदी तोडून आणली आणि चार चकत्या कापल्या.

१३ ऑगस्ट, बुधवार
चारही चकत्या उकलल्या. चूक माझीच. ओलं लाकूड सुकताना घेराच्या अंगानं जास्त आटतं, गाभ्याकडे त्या मानानं कमी. मग चकतीला फाटण्यावाचून इलाज राहत नाही. सारी उमर शेतीच्या अवजारांत गेली, तरी हे विसरलो.
माळ्यावर आईच्या मोडक्या खाटेचे पाय होते. कातीव, गोल, पन्नास वर्षं वाळलेले. आरीनं एका पायाच्या चार चकत्या काढल्या. घरची दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
धड सावरीचं. लाकूड हलकं, चाकूनंही सोलतं. शिंगांची टोकं मुद्दाम बोथट ठेवली. आसाचा घोळ मात्र दिवसभर पुरला. आधी चाकं सैल नि आस घट्ट ठेवला, तर चाकं लडबडायला लागली. मग उलटं केलं: बांबूच्या कामटीचा आस चाकात घट्ट ठोकला आणि पाटीखालच्या भोकात मोकळा सोडला. आता अंगणातल्या चिखलातही फिरतो.
भंडाऱ्याहून आणलेलं पितळी घुंगरू होतं. ते कापडात शिवून गळ्यात बांधलं. सुटं राहिलं असतं तर पोरानं नाकात घातलं असतं, नाहीतर गिळलं असतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आज खांदशेकणी. पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावली, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. नातू बघत होता. थोड्या वेळानं पाहतो तर तुपाची वाटी रिकामी आणि लाकडी बैलाची मान चिंब. विचारलं तर म्हणतो, "याचाबी खांदा दुखते."

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा
घरात ऑइलपेंटचा जुना डबा आहे, पण तो वापरायचा नाही. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डबा त्याआधीचा, आणि हा गडी बैलाचं शिंग आधी तोंडात घालतो. म्हणून पांढरी माती, गेरू नि हळद भाताच्या पेजेत कालवून लावली. सगळीकडे बसली, मानेवर काही बसेना. तूप! शेवटी मान उघडीच ठेवली. खांदा शेकलेला बैल आहे, लोकांना कळेल.

२३ ऑगस्ट, शनिवार, तान्हा पोळा
पहाटे रोगराई घेऊन जाणारी नारबोद गावाबाहेर घालवून झाली. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर तोरणाखाली पोरांची रांग. हा सण नागपूरकर दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला, असं सांगतात. पोरांना बैलांची माया लागावी म्हणून लाकडी बैल त्यांच्या हाती दिले म्हणे. तिकडे वर्ध्याकडे सिंदी रेल्वेला तर भले थोरले नंदी निघतात. ती परंपराच वेगळी, तिला नावं ठेवत नाही. पण आमच्या गावातही आता बक्षीस सजावटीला. पहिल्या नंबरचा नंदी दोघा बापांनी उचलून आणला, त्याचा मालक मागून रिकाम्या हातानं. मी पंचांना म्हटलं, पुढल्या वर्षी एवढंच करा, पोरानं स्वतः वीस पावलं ओढून दाखवावं, मग नंबर द्या. हसले. मी हसण्यावारी बोललो नव्हतो.
आमचा नंबर आला नाही. नातू सुतळी धरून घरोघर फिरला, बोजारा सत्तावीस रुपये जमला, त्यातले दोन वाटेत सांडले. मागचं डावं चाक दुसऱ्याच गल्लीत निखळलं. तीन चाकांवर बैल खरडत घरी आला. नातू म्हणतो, "लंगडते, उद्या डॉक्टर."
माळ्यावर खाटेचे तीन पाय अजून आहेत.