उपासाच्या वहीतली नावं

2023 साली आमच्या कोल्हापूरकडच्या मुरगुडात माघाच्या अखेरीपासून चैत्रापर्यंतचे दिवस उपासांनी आणि सणांनी भरले होते. 18 फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली, 22 तारखेला ख्रिस्ती लोकांचा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला, 22 मार्चला पाडवा, 24 मार्चला रमजानचे रोजे सुरू, आणि पाठोपाठ रामनवमी. ऊसतोड आवरत आली होती, बिद्रीच्या कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर कमी होत चालले होते आणि वेदगंगेच्या काठावर ऊन तापायला लागलं होतं.

माझे उपास लहानपणापासूनचे. एकादशी, संकष्टी, शिवरात्र. भगर किती पाण्यात शिजते आणि दाण्याची आमटी किती दाट ठेवायची, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. लेंट मात्र मी फक्त कॅलेंडरच्या कोपऱ्यात वाचलेला. तो कोण धरतं, त्यात काय खातात, काय टाळतात, यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तो जवळून बघायला मिळाला आमच्या गल्लीतल्या सिस्टरांमुळं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. मूळच्या कोडोलीच्या. शिक्षण मिरजेला, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. त्या वर्षी माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यांना कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं सिस्टरांनी मला हाताला धरून शिकवलं. एके दिवशी जाता जाता म्हणाल्या, "आज आमचा राखेचा बुधवार, लेंटचा पहिला दिवस. सांजच्याला घरी प्रार्थना आहे. येतीस काय? नुसतं बसायचं, दुसरं काय न्हाई." त्यांना नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं.

सोप्यात चटया टाकल्या होत्या. आसपासच्या गावांतली आणि निपाणीहून आलेली माणसं बसलेली. मूर्ती नाही, समई नाही, भिंतीवर साधा लाकडी क्रूस आणि एक दिनदर्शिका. नाव राखेचा बुधवार, पण राख कुठं दिसेना. कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी कपाळाला राख लावतात असं मी ऐकलं होतं. सिस्टर म्हणाल्या, आमच्या घरात ती रीत कधी नव्हती. आमचे वाडवडील अमेरिकन प्रेसबिटेरिअन मिशनच्या मंडळीतले, त्यांच्याकडं असल्या खुणा कमीच.

मग गाणी सुरू झाली आणि मी आणखी गोंधळले. पेटी आणि ढोलकी. चाल थेट आमच्या भजनी मंडळाची. सगळ्यांच्या हातात 'उपासना संगीत' नावाचं एकच पुस्तक. त्यात नारायण वामन टिळकांची पदं आहेत, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांची आहेत, असं शेजारच्या मुलीनं कुजबुजत सांगितलं. टिळक शाळेच्या पुस्तकात भेटलेले. त्यांची पदं शंभर वर्षं या घरांतून रोज गायली जातात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. दोन पदं अशी झाली आणि तिसरं एकदम परक्या चालीचं निघालं. बायका वरच्या सुरात, पुरुष खालच्या, आणि तरी कुणाचा कुणाला अडथळा नाही.

गाणं संपलं आणि सगळ्यांनी डोळे मिटले. एकानं आपल्याच शब्दांत देवाशी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. ना मंत्र, ना पोथी, मधेमधे काही माणसांची नावं. त्याचं 'आमेन' झालं की दुसरं कुणीतरी सुरू करी. पाळी कुणी लावून दिली नव्हती, तरी दोन आवाज एकमेकांवर आदळले नाहीत. आपण कधी हात जोडायचे, आपल्यालाही बोलावं लागेल का, या विचारानं मी घामाघूम झाले. मला कुणी बोलायला लावलं नाही.

प्रार्थना झाल्यावर चहा आला. सिस्टरांनी सगळ्यांना दिला, स्वतः घेतला नाही. तेव्हा मी मनात घोळणारा प्रश्न विचारला : लेंटमध्ये चालतं काय आणि चालत नाही काय?

उत्तरं इतकी निरनिराळी आली की माझ्या हाती काहीच लागेना. सिस्टरांनी ईस्टरपर्यंत चहा सोडला होता. एका घरात शुक्रवारी एकवेळ जेवण. कॉलेजातल्या एका पोरानं मोबाइलवरचे खेळ बंद केले होते. एक बाई म्हणाल्या, मला शुगर आहे, मी उपास करत नाही, रोज एक अध्याय वाचते. आणि मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीनं निवडून दिलेले कारभारी, नुसते हसले. त्यांनी मला मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय काढून दिला. उपास करताना तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, उपास फक्त देवाला कळू दे, असा येशूचा उपदेश तिथं आहे. म्हणून ते आपला नेम कुणाला सांगत नव्हते.

नियमच नसेल तर उपास मोडला हे कसं कळायचं? हा प्रश्न मला कित्येक दिवस सुटला नाही. दिवसांचा हिशोबही लागेना. चाळीस दिवस म्हणतात, आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर भरतात सेहेचाळीस. त्याचं उत्तर सोपं निघालं : मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा, आनंदाचा दिवस. चाळीस हा आकडा येशूनं अरण्यात काढलेल्या उपासाच्या दिवसांचा.

सिस्टर कोल्हापूरला निघाल्या की जमेल त्या रविवारी मीही कागलवरून एसटीनं बरोबर जाऊ लागले. त्यांची उपासना वायल्डर मेमोरिअल चर्चमध्ये. रॉयल गूल्ड वायल्डर हा अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आला. 1870 साली त्याचं काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरिअन चर्चनं आपल्याकडं घेतलं. त्याचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा मोठा पुढारी झाला.

तिथली उपासना मला आधी फार शिस्तीची वाटली. स्तवन, पापांगीकार, शास्त्रवाचन, उपदेश, दानार्पण, मध्यस्थीची प्रार्थना, आशीर्वचन. कधी उठायचं, कधी बसायचं हे मी पुढच्या बाकावरच्या आजींकडं बघून ठरवायची. पापांगीकाराला सगळी मंडळी एका आवाजात आपल्या चुकांची कबुली देते. आपल्याकडंही देवापुढं अपराधांची क्षमा मागतात, पण एकेकट्यानं, मनातल्या मनात. इथं 'मी चुकलो' नाही, 'आम्ही चुकलो' म्हणतात. त्या शब्दांनी मी हलले.

नियम का नाहीत, हे तिथल्या एका पाळकांनी उपासनेनंतर मला शांतपणे समजावलं. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या काळात हा वाद युरोपात पेटला होता. 1522 साली झुरिच शहरात एका छापखान्यात लेंटच्या दिवसांत काही माणसांनी मांसाचे सॉसेज खाल्ले. मोठा गहजब झाला. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने त्यांची बाजू घेतली : उपास करायचा त्यानं करावा, पण चर्चनं तो कुणावर लादू नये. त्याच विचारांच्या वाटेवर पुढं स्कॉटलंडमध्ये प्रेसबिटेरिअन चर्च उभं राहिलं, आणि कित्येक पिढ्या त्यांनी लेंट पाळलाच नाही. विसाव्या शतकात तो हळूहळू परत आला, पण सक्ती म्हणून नव्हे. आपल्याकडं 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात जुन्या प्रेसबिटेरिअन घराण्यातलं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होतं. वेगवेगळ्या परंपरा एकमेकींत मिसळल्या.

"मग सक्ती नाही तर कशासाठी करता?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. "सिस्टरांची वही बघा," म्हणाले.

वही साधी, शंभर पानी, शाळेतल्या पोरांची असते तशी. सिस्टरांनी ती पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी माझ्यासमोर उघडली. पानावर पट्टीनं चार रकाने आखलेले. पहिल्यात नाव. दुसऱ्यात अडचण : डायलिसिस, नोकरी गेली, मुलगी परत आली, एकटाच राहतो. तिसऱ्यात कोण जाणार. चौथ्यात वार. काही ओळींपुढं निळ्या शाईची बरोबरची खूण, काहींपुढं 'पुन्हा जाणे'. नावं नुसती ख्रिस्ती लोकांची नव्हती. आमच्या पेठेतली होती, मुसलमान घरांतली होती, माझ्या ओळखीची कितीतरी होती. आणि पान उलटल्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव दिसलं. दुसऱ्या रकान्यात 'डावी बाजू', तिसऱ्यात सिस्टरांचं स्वतःचं नाव, चौथ्यात 'रोज'. तारीख मी त्यांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं त्याच्या कितीतरी आधीची.

मग प्रार्थनेच्या वेळी माणसं कुणाची नावं घेतात, हे मला उमगलं. ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरी त्या आठवड्यात कुणीतरी जायचंच. यशयाच्या पुस्तकात अठ्ठावन्नावा अध्याय आहे. लेंटमध्ये तो आवर्जून वाचतात. देवाला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकर देणं, बेघराला घरात घेणं, जाचलेल्याचं जोखड काढणं, असा त्याचा आशय. उपास मोडला हे कसं कळतं, याचं उत्तर मला तिसऱ्या रकान्यात मिळालं. तिथं नाव लिहून माणूस गेला नाही की उपास मोडला.

पैशाचंही तसंच. सिस्टरांच्या कपाटावर बोर्नव्हिटाचा जुना डबा, झाकणाला चीर पाडलेली. न घेतलेल्या चहाचे पैसे रोज त्यात पडायचे. मिझोरामच्या प्रेसबिटेरिअन घरांतल्या बायकाही अशाच दर स्वयंपाकाला एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. त्या मुठींवर तिथं मोठमोठी कामं उभी राहिली आहेत. सिस्टरांचा डबा ईस्टरला उघडायचा आणि वहीतल्या डायलिसिसच्या नावाकडं जायचा.

शेवटचा आठवडा आला तेव्हा कोल्हापूरच्या रस्त्यांवर जोतिबाच्या सासनकाठ्या निघाल्या होत्या. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी धरतात, म्हणून पुष्कळ वर्षी चैत्र पौर्णिमेची यात्रा आणि हा आठवडा लागून येतात. झावळ्यांच्या रविवारी सिस्टरांच्या सोप्यात पोरं नारळाच्या पात्या चिरून क्रूस विणत होती. 6 एप्रिलला सकाळी मी मारुतीच्या देवळात सुंठवडा घेतला आणि संध्याकाळी कोल्हापुरात प्रभुभोजनाच्या उपासनेला बसले. भाकरीच्या चौकोनी तुकड्यांचं ताट आणि द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे घेऊन वडील मंडळी बाकांच्या रांगांतून फिरत होती. लोक जागेवरच बसून एकमेकांकडं ताट देत होते. बाप्तिस्मा झालेल्यांनीच ते घ्यायचं, हे सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ताट माझ्या हातात आलं, मी ते शेजारच्या आजींना दिलं. घेतलं नाही तरी ताट माझ्या हातून पुढं गेलं, याचं मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, दुपारी बारा ते तीन. वधस्तंभावरून येशूनं काढलेले सात उद्गार, आणि प्रत्येकावर वेगळा माणूस बोलतो. एक शिक्षक, एक गृहिणी, एक तरुण. तहान लागल्याचा पाचवा उद्गार एका लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या वाट्याला आला होता. बाहेर उन्हाचा कडाका, आत पंखे. ती देवाच्या तहानेवरून ऊसतोड मजुरांच्या पालांतल्या पाण्यावर आली आणि म्हणाली, यंदा कारखाने बंद झाले, पुढच्या हंगामात त्यांच्या पाण्याची सोय कोण करणार, हे आजच वहीत लिहायला पाहिजे. देवळातल्या प्रवचनातून उठून कामाची यादी करणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली.

9 एप्रिलला पहाटेच्या उपासनेनं ईस्टर झाला. सासरे त्या महिन्यात आधारानं बसायला लागले. ते व्यायामानं आणि औषधानं, असं सिस्टर स्वतःच सांगतात. माझे उपास मी आजही करते, पण दर एकादशीला एका आजारी माणसाच्या घरी जाते. माझ्याकडंही आता चार रकान्यांची वही आहे.

आपल्या प्रत्येक गावात असं एखादं घर असतं, ज्याच्या सणाचं आपल्याला फक्त नाव माहीत असतं. लेंट दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो. त्या घरच्या माणसांना विचारा, आणि त्यांनी या म्हटलं की नुसतं जाऊन बसा. गाणं येत नसलं, कधी उठायचं ते कळत नसलं तरी चालतं. तिथं गेल्यावर एकच काम करा : वहीत कुणाचं नाव मोकळं आहे ते बघा आणि त्यापुढं आपलं लिहा.