सलीम अलींच्या नावाची बाग

करकंब, ता. पंढरपूर
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. भाचीबाई,

पत्र पोचलं. येरवड्याला मुळा-मुठेच्या काठच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात तू रोज सकाळी जातेस, हे वाचून बरं वाटलं. तिथला राडारोडा आणि नदीच्या पाण्याचा वास याबद्दल लिहिलंस, त्यानं जीव हळहळला. पण तुझं दुसरं गाऱ्हाणं मला पटलं नाही. फुलांचे ताटवे नाहीत, हिरवळ नाही, नुसती काटेरी झुडपं, मग एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव कशाला, असं तू विचारतेस. अगं, त्या माणसाच्या नावाला झुडपंच शोभतात.

1930 साली सलीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झाली होती. नोकरी नाही, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींचे खोपे लटकलेले. तेच ते दिवसच्या दिवस बघत बसले. आपण त्या पाखराला बाईचं नाव दिलं, पण विणणारा असतो नर. गवताच्या, शिंदीच्या, उसाच्या पानांच्या लांब पट्ट्या चोचीनं चिरून आणायच्या, खोपा अर्ध्यावर विणायचा आणि थांबायचं. माद्या येतात, आत शिरून पारखतात. एखादीनं पसंत केला तरच हा खालची नळी विणून खोपा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. हे सगळं त्यांनी नीट नोंदवून जगापुढे मांडलं. आणि आपल्या विहिरीवरच्या बाभळीला पिढ्यान् पिढ्या खोपे लटकत होते, तरी नर अर्ध्यावर का थांबतो, हे आपल्यातल्या कुणीही बघितलं नव्हतं. माझ्या मनाला हे अजून लागतं.

आपल्या सोलापूरचं तर त्यांच्याशी आणखी जवळचं नातं. मालढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असा त्यांचा आग्रह होता. 1963 साली मान मोराला मिळाला. पुढे 1979 मध्ये नान्नजच्या माळासह सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र मालढोकासाठी अभयारण्य झालं. नंतर ते कमी करून सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. मालढोक जमिनीवर, उघड्या माळावर एकच अंडं घालतो. त्याला झाडी नको, कारंजं नको, मोकळं गवत हवं. त्या गवताला आपण पडीक म्हणत आलो. आता मालढोक नजरेला पडणं दुर्मीळ झालंय.

हे सगळं लिहायचं कारण असं. गावात मुलांसाठी बाग करावी आणि तिला सलीम अलींचं नाव द्यावं, असं पारावर बोलणं चाललंय. नाव मीच सुचवलं. लगेच जागा सपाट करण्याची, फरशी बसवण्याची, विलायती गवत लावण्याची बोलणी सुरू झाली. जागा निघाली ती जुन्या विहिरीशेजारची. विहिरीच्या तोंडावर बाभूळ वाकलेली आहे, आणि खाली पाणी असल्यामुळे मांजराला तिथं पोचता येत नाही, म्हणून दर पावसाळ्यात सुगरणी खोपे तिथंच बांधतात. विहिरीला कठडा आणि जाळी हवीच, मुलांचा प्रश्न आहे. पण बाभूळ तोडून तिथं सलीम अलींच्या नावाचा फलक लावला, तर ते मला सहन होणार नाही.

मी एकटा बोललो तर म्हातारा अडवतोय म्हणतील. तू पुण्यात रोज ती झुडपं आणि त्यातली पाखरं बघतेस, तुझं पोरंटोरं ऐकतील. आषाढीला पंढरपूरला येशीलच, तेव्हा दोन दिवस करकंबला राहा. पाऊस वेळेवर झाला तर तोवर विणकाम सुरू झालेलं असेल. शाळेतल्या मुलांना आपण बाभळीखाली नेऊ आणि अर्धा खोपा दाखवू.

तुझा,
मामा