पोटाची ज्वारी पाठीला

आपल्या बैठकीत सगळ्यावर बोलणं होतं. राखीव जागा, गायरान, स्कॉलरशिप, विहाराची जागा. पाठीवर कुणी बोलत नाही. पाठ दुखते असं कार्यकर्त्याने म्हणायचं नसतं, आणि बाईने तर मुळीच नाही. मी आज पाठीवर लिहितोय. शेकावर लिहितोय. हसायचं त्याने हसून घ्यावं.

मी सोलापूरकडच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. आठ तास उभं. वाकणं, उठणं, परत वाकणं. शाळा नववीपर्यंत. पुढची शाळा वाचनालयात. आई विड्या वळते. हजार भरल्या की तिचा दिवस मावळतो. तिची मान आणि माझी कंबर एकाच मालकाकडे कामाला असल्यासारख्या दुखतात.

खात्यात सगळे गोळ्या खातात. दुकानदार चिठ्ठी मागत नाही. पण दुखण्याची गोळी रोज रोज घेतली तर पोटात जखम करते, मूत्रपिंडं खराब करते. म्हणून शेक. ऊब लागली की त्या जागी रक्त जास्त खेळतं, आखडलेला स्नायू सैल पडतो. यात देव नाही, अंगारा नाही, उतारा नाही. तपासून बघा, मग माना. बुद्धाने आपल्याला हेच शिकवलंय.

घरात पहिली पिशवी शिवली तेव्हा आजी भडकली. "आरं, प्वाटात जायाची जवारी पाठीला बांधतूस व्हय?" 1972 च्या दुष्काळात ती पोरगी होती. खडी फोडलीय तिने. सुकडी खाल्लीय, परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्लीय. तिच्या आधीच्यांनी खळ्यावरचा पसाभर दाणा पदर पसरून आणला, तोही वरून टाकलेला. अशा घरात दाणा म्हणजे काय, ते भरल्या कणगीवाल्याला कळायचं नाही. आजीचं खरंच होतं. तोडही तिनेच काढली. डब्याच्या तळाची पोखरलेली ज्वारी, जी भाकरीला चालत नाही, ती उन्हात वाळवायची, पाखडून घ्यायची. ती पाठीला. मंगळवेढ्याची मालदांडी पोटाला. भांडण मिटलं.

मी सुतातला माणूस, म्हणून आधी कापडाचं सांगतो. कापड पक्कं सुती पाहिजे. मांजरपाट, जुनी चादर, काहीही. दुकानदार सुती म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. एक धागा उपसा आणि काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, हलकी राख होते. टेरिकॉटचा धागा आकसतो, वितळतो, टोकाला कडक मणी होतो. तोच मणी उद्या कातडीला चिकटेल. शिलाईचा दोराही सुतीच. चेन नको, बटण नको.

धाग्यावरून आठवलं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. पगार तिथे जास्त. तुटलेलं सूत तोंडाच्या थुंकीने ओलं करून सांधतात, म्हणून विटाळ! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या धाग्याला आपला हात चालत नव्हता, त्या धाग्याची पिशवी आज आपण आपल्या आईच्या मानेखाली ठेवतो. शिवताना एवढं ध्यानात असू द्या.

पिशवी एक वीत रुंद, दोन वीत लांब. दोन भाग ज्वारी, एक भाग मोकळा, म्हणजे ती अंगाला वळते. तोंड शिवू नका, नाडी ठेवा. कारण भरलेली पिशवी तव्यावर टाकायची नाही. खालून कापड करपतं आणि वर दाणा थंडच राहतो. दाणे कढईत ओता, मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहा, खाली उतरवा, मग भरा. एकही दाणा फुटून लाही झाली तर आच फार झाली. नागपंचमीच्या लाह्या आणि शेक यांत फरक आहे. तेल बिल काही लावू नका, तेल पेट घेतं. मायक्रोव्हेव्ह असेल तर एका वेळी एकच मिनिट, शेजारी कपभर पाणी ठेवून, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही.

दाण्याच्या पोटात थोडं पाणी असतं. त्यामुळेच ऊब ओलसर लागते. दर खेपेला ते पाणी उडतं. कोरडा दाणा लवकर तापतो आणि करपतो. गरम पिशवी गोधडीत गुंडाळून ठेवली तर आतल्या आत धुमसून आगही लागते. करपल्याचा वास आला, दाणा काळा पडला, की फेका. पिशवी भिजली, बुरशी आली, तरी फेका. तो दाणा कोंबडीलाही घालू नका.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मध्ये एक कापड. पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. पिशवी घेऊन झोपायचं नाही. 60 अंशाला कातडी पाच सेकंदांत भाजते, हे कुणालाही पटेल. पण नुसती कोमट वाटणारी 44 अंशांची ऊब एकाच जागी सहा तास राहिली तरी भाजते. आमच्या गल्लीतल्या एका मावशीला साखरेचा आजार. पाय बधिर. पिशवी पायाला लावून तिचा डोळा लागला. सकाळी टाचेला फोड, आणि तिला दुखलंसुद्धा नाही. महिनाभर जखम. म्हणून साखरवाल्यांच्या बधिर पायाला, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला, लुळ्या अंगाला, तान्ह्या पोराला, दारू प्यालेल्याला शेक नको. ताज्या सुजेला नको. ताप-उलटीसकट पोट दुखत असेल तर शेकत बसू नका, दवाखाना गाठा. छातीत कळ आली तर तर नकोच. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

आणि पोरांनो, पाळी हा शब्द गिरणीत एक आणि घरात दुसरा. रिंगवर आमच्या बायका दोन्ही पाळ्या एकदमच करतात, तोंडातून शब्द न काढता. ओटीपोटाला हाच शेक बरा पडतो. कढईतली ज्वारी तुम्ही हलवा. समतेवर भाषण नंतर करा.

शेकाने दुखणं जात नाही, थोडा वेळ लांब सरतं. दुखणं खात्यात आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात 44 वं कलम होतं. उभ्याने काम करणाऱ्याला, सवड मिळेल तेव्हा बसायला सोय द्या, असं त्यात लिहिलं होतं. आता तो कायदा जाऊन नवी संहिता आली. आमच्या खात्यात स्टूल आजही आलेलं नाही. रात्री पाठ शेकली की झोप लागते. झोप झाली की डोकं चालतं. डोकं चालू लागलं की आपण पाचजण मिळून स्टुलाचा अर्ज लिहू शकतो. अर्ज लिहून झालाय. सह्या गोळा करतोय.

जयभीम.